टिकाऊपणा कुणी नाकारला?

एलईडी दिवा दोन-तीन वर्षांत बंद पडला, की ग्राहक नशिबाला किंवा विजेच्या चढउताराला बोल लावून नवा दिवा आणतो. त्या दिव्यात नेमके काय निकामी झाले, हे सहसा कुणी पाहत नाही. पुष्कळदा अनेक डायोडांपैकी एकच जळालेला असतो. ते सारे एका माळेत जोडलेले असल्यामुळे उरलेले धडधाकट डायोडही अंधारात जातात. किंवा वीजपुरवठा नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधील कपॅसिटरचा द्रव उष्णतेने आटलेला असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. तेव्हा दीर्घायुष्याचे उपायही गुप्त नाहीत : अधिक डायोड, प्रत्येकातून कमी प्रवाह, उष्णता बाहेर टाकण्याची पुरेशी सोय आणि दर्जेदार कपॅसिटर.

मग असे दिवे सर्रास का मिळत नाहीत? याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही, अर्थकारणात आहे. १९२४ साली जिनिव्हा येथे फिलिप्स, ओसराम आदी कंपन्यांनी ‘फीबस’ हा संघ स्थापन केला, दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरविले आणि ज्या कारखान्याचे दिवे त्याहून अधिक टिकत, त्याला दंड लावला. तारेचा दिवा अधिक टिकवायचा तर तेवढ्याच विजेत प्रकाश कमी मिळतो, असा त्यावर बचाव होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता. १९५१ साली ब्रिटिश मक्तेदारी आयोगानेही तो बव्हंशी मान्य केला. परंतु एलईडीच्या बाबतीत हा बचाव उरत नाही. डायोडमधून कमी प्रवाह सोडला तर त्याचे आयुष्य वाढते आणि तेवढ्याच विजेत प्रकाशही अधिक मिळतो. वाढतो तो केवळ उत्पादनखर्च, आणि घटते ती पुढची विक्री. २०१६ साली त्याच फिलिप्सने दुबईच्या नगरपालिकेसाठी याच तत्त्वावर दिवे बनविले. याचा अर्थ स्पष्ट आहे : बलवान ग्राहकाने मागितला तर टिकाऊपणा निर्माण होतो, एकट्यादुकट्याच्या वाट्याला तो येत नाही.

भारतात असा बलवान ग्राहक म्हणजे शासन. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले आणि घाऊक खरेदीमुळे त्यांची किंमत झपाट्याने उतरली. जी सामुदायिक सौदाशक्ती किंमत उतरवू शकली, ती आयुष्यही वाढवू शकेल. दिवा न फोडता उघडता यावा, सर्किट सुटे बदलता यावे आणि हमीची मुदत जाहिरातीतील तासांशी सुसंगत असावी, या अटी प्रत्येक सरकारी निविदेत असल्या पाहिजेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली, हे योग्यच झाले. पण कचरा गोळा करणे हा कचरा होऊ न देण्याला पर्याय नव्हे. गोंदाने कायमचा बंद केलेला दिवा ग्राहकाला लुटतो आणि बाजारपेठेत सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसलेल्या कारागिराची रोजीही हिरावून घेतो. टिकाऊपणा ही उत्पादकाची मेहेरबानी नव्हे. तो जनतेने संघटितपणे मागून घ्यावयाचा हक्क आहे.