पितळेची मोड

मुलांनो, तुमच्या घरी पितळेचा एखादा जुना, चेपलेला तांब्या असेल. तुमची अम्मी तो कचऱ्यात टाकते का? मुळीच नाही! ती तो भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून देते. नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीचे पैसे कमी होतात. आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. मोड वितळवली की तिचे पुन्हा नवे भांडे होते. दादाजानच्या तांब्यातील पितळ आज कोणाच्या तरी हंड्यात असेल.

पितळेची किंमत आपल्याला कळते, कारण ते डोळ्यांना दिसते. बंद पडलेल्या मोबाईलमधले सोने दिसत नाही. म्हणून तो कचऱ्यात जातो. जपानमधील लोकांनी असे सुमारे ६२ लाख जुने मोबाईल आणि इतर लहान यंत्रे गोळा केली. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने आणि ३५०० किलो चांदी निघाली. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकची सुमारे ५००० पदके अशा धातूंचीच होती. आपल्या नीरज चोप्राने भालाफेकीत जिंकलेले सुवर्णपदकही त्यांतलेच!

हे काम मोठ्या कारखान्यात होते. यंत्र वस्तूंचा चुरा करते, लोहचुंबक लोखंड ओढून घेते, बाकीचे धातू भट्टीत किंवा रसायनांनी वेगळे होतात. पण साकोलीत कारखान्याच्या आधी दारात येतो तो कबाडीवाला. आपण रद्दीवर चहाचा चोथा आणि उरलेले वरण ओततो. मग रद्दी सडते, तिला भाव येत नाही. फुटलेली काचही त्यातच असते आणि ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागते. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे सरकारी नियमांनी २०१६ सालीच सांगितले. मला वाटते, महागड्या यंत्राआधी घरोघरी दोन डबे हवेत. दोन डब्यांना असा किती खर्च येतो?

काही ठिकाणी तांब्यासाठी विजेच्या तारा जाळतात. तो धूर विषारी असतो. तार सोलूनही तांबे निघते, पण वेळ लागतो. आणि ज्याची रोजची कमाई वजनावर चालते, त्याला वेळ परवडत नाही. त्याला नुसता दोष देणे मला पटत नाही. सोललेल्या तांब्याला चांगला भाव मिळाला, तर तार कोण जाळील?

कबाडीवाल्याजवळ बहुधा एक लोहचुंबक असते. चिकटले तर लोखंड. नाही तर पितळ, तांबे किंवा ॲल्युमिनियम. पुढच्या वेळी तो दारात आला की ते पाहायला मागा.