शंभरीची नोंद
2011च्या जनगणनेत भारतात शंभरी गाठलेल्यांची संख्या सुमारे 6 लाख भरली. परंतु जन्मदाखल्याअभावी वय शून्यावर वा पाचावर संपणाऱ्या आकड्यात सांगण्याच्या सवयीमुळे, म्हणजेच अंकपसंतीमुळे, ती फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि म्हणून शतायुषी कोठे अधिक आहेत हे विचारण्यापूर्वी जुन्या नोंदी कोठे आहेत, हे विचारणे भाग पडते. 1840च्या सुमारास साथीमुळे जुने चर्च सोडून मुंबईतले स्थानिक ईस्ट इंडियन ख्रिस्ती जेथे येऊन राहिले, त्या मुंबईच्या मरोळसारख्या गावठाणांत बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीच्या, नोंदवह्या मोलाच्या ठरतात. जन्मसाल ठाऊक असल्याने समाजसुधारक महर्षी कर्वे (1858–1962) किंवा क्रिकेटपटू दि. ब. देवधर (1892–1993) यांचे आयुर्मान निर्विवाद आहे. 1969च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या कितीतरी आधी जन्मलेल्या शेतमजूर स्त्रीची शंभरी मात्र दाखल्याविना अमान्य ठरावी, हा अन्यायच होय.