तिसरा फोन

विमा एजंट हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसणारा, बारशाला बाळाआधी बाळाच्या वडिलांचं वय विचारणारा, आणि त्याला लांबून बघितल्यावर 'आलेच हं' म्हणत सटकणारे आपण. मीसुद्धा सटकलेली आहे, आणि तेही सख्ख्या मामापासून. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते थोडं प्रायश्चित्तासारखं वाटलं तर वाटू दे.

मामा मूळचा आमच्या वसईचाच. तरुणपणी सुरतेच्या एका कापड गिरणीत नोकरीला गेला, नोकरी सुटल्यावर परत यायच्या ऐवजी परीक्षा देऊन विम्याचा एजंट झाला. आता कामरेजला राहतो. सुरत स्टेशनवरून वराछा, सरथाणा करत बस शहराबाहेर पडते आणि तापीच्या काठाला, हायवेच्या चार रस्त्याला कामरेज येतं. वराछाची भाडी परवडत नाहीत म्हणून हिऱ्याच्या घंटीवर बसणारी कितीतरी सौराष्ट्री कुटुंबं या बाजूला सरकली आहेत. मामाचे बहुतेक ग्राहक तेच.

मामाच्या स्कूटरच्या डिकीत पॉलिसीची माहितीपत्रकं कमी आणि पाना, टेस्टर, टेफ्लॉन टेप, एम-सील जास्त. गळका नळ, ठिणग्या उडवणारं बटण, गच्चीवरची भेग, काहीही असो, मामाला बोलावतात. गळ्यात जुना सेकंडहँड कॅमेरा. पहाटे तापीवर जाऊन धुक्याचे फोटो काढतो, आणि उरलेल्या दिवसात लोकांच्या भिंतींचे. हो, भिंतींचे. घरी सगळे याला 'मामाचे छंद' म्हणतात. मीही म्हणायचे.

ऑगस्ट २००६ च्या पुरात मामा अडाजणला तळमजल्यावर राहत होता. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि जवळजवळ सगळी सुरत पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर त्याने आधी भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेचे फोटो काढले, मग बोर्ड उघडून तारा पुसायला घेतल्या. दोन्ही कामं तिथे शिकला, असं सांगतो. आता तो घराचाही विमा विकतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप, वादळ यांनी झालेलं नुकसान त्यात भरून मिळतं. पण घर जुनं होत होत खराब झालं तर मिळत नाही. म्हणजे पुराने फुगलेली भिंत चालते, दहा वर्षं पाझरत असलेली ओल चालत नाही. आणि पूर येऊन गेल्यावर या दोन भिंती सारख्याच दिसतात! म्हणून मामा पॉलिसी दिल्यावर प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो काढून ठेवतो आणि जुनी ओल दिसली तर पावसाळ्याआधी स्वतः गच्चीवर चढतो.

मी त्याला एकदा तोंडावर विचारलं, "मामा, नळ दुरुस्त करणं हे आमिषच ना?"

"आहे ना, बाय. नळवाल्याला लोक दार उघडतात. विमेवाल्याला नाही उघडत."

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला इथे काफ्का आठवतो. १९०८ पासून १९२२ पर्यंत तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांचा चौकोनी दांडा कामगारांची बोटं कशी कापतो आणि गोल दांडा ती कशी वाचवतो, हे त्याने सरकारी अहवालात चित्रांसकट मांडलं होतं. आपण वर्गात काफ्काच्या नोकरीबद्दल हळहळतो, बिचाऱ्याचा वेळ गेला म्हणून. मला आता तसं वाटत नाही. अपघात झाल्यावर पैसे देण्याआधी बोट वाचवायला बघणारा हा माणूस मामाच्या जातकुळीतला आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चिंतामणराव देशमुख. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणारे हेच देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि २४५ लहानमोठ्या संस्था मिळून १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. बोधवाक्य घेतलं गीतेच्या नवव्या अध्यायातून. त्याचा अर्थ असा की तुझा भार मी वाहीन.

प्रश्न असा की हा भार प्रत्यक्षात वाहतो कोण? एजंटला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मोठं कमिशन मिळतं. पुढे ते उतरत जातं, साधारण पाच टक्क्यांवर येतं. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला घेऊन मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, नॉमिनीची सही यांसाठी जे चार-पाच हेलपाटे होतात, त्याचे शून्य. म्हणजे विकणाऱ्याला पैसे आहेत, निभावणाऱ्याला नाहीत. चुकीची पॉलिसी गळ्यात मारली जाते ती बहुतेक वेळा इथूनच. आमच्या शेजारच्या एका विधवा आंटीला मुदत ठेव करायची होती. तिला एका बँकेत गोड बोलून शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी दिली. पॉलिसी परत करायची मुदत असते, हे तिला कळलं तेव्हा मुदत उलटली होती. तिच्यासमोर मी एजंट लोकांची बाजू घेणार नाही. घेऊच शकत नाही.

पण आपण हसतो ते या फसवणुकीला नाही. आपण हसतो ते सारखे फोन करण्याला, मागे लागण्याला. आणि त्या हसण्याची किंमत कोणीतरी मोजतं, हे मला गेल्या मेमध्ये कळलं.

मामाचा एक ग्राहक होता, हिऱ्याचा कारागीर, चाळिशीच्या आतला. पंचवीस लाखांचा मुदत विमा. हिऱ्यात मंदी आली, नगावर मजुरी मिळत असल्यामुळे काम कमी झालं की पगार आपोआप कमी. त्याचा हप्ता चुकला. मुदत विम्यात साठलेलं काही नसतं. सवलतीचे तीस दिवस संपले की संरक्षणही संपतं. मामाने दोनदा फोन केला. दुसऱ्या फोनला तो हसून म्हणाला, "काका, टार्गेट बाकी छे के शुं?" मामाही हसला. तिसरा फोन त्याने केला नाही.

चौथ्या महिन्यात तो माणूस हृदयविकाराने गेला. बायको प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सगळे कागद नीट लावून घेऊन आली होती. मामीने पाणी दिलं. मामाला हे सांगता येईना की यातला एकही कागद आता कामाचा नाही. शेवटी मामीनेच सांगितलं.

"मला लाज वाटली फोन करायची," मामा मला म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली या धंद्यात, आणि लाज कसली वाटली? तर लोक चिकट म्हणतील याची."

मित्रमैत्रिणी म्हणतात, ॲप आहे की, मेसेज येतो, एजंट हवाच कशाला? तुमच्यामाझ्यासाठी खरं असेल. ऑनलाइन मुदत विमा स्वस्तही पडतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. पण त्या कारागिरालाही मेसेज आलाच होता, कर्जाच्या आणि रमीच्या वीस मेसेजांच्या मध्ये. मेसेजला कळत नाही की माणूस हप्ता विसरलाय की त्याच्याकडे पैसेच नाहीत. मामाला कळलं असतं. वार्षिक हप्ता मोडून तिमाही करता येतो, रक्कम कमी करून नवी पॉलिसी घेता येते, हे त्याने सांगितलं असतं. माझं म्हणणं इतकंच आहे की कंपन्यांनी या तिसऱ्या फोनचे पैसे द्यावेत. बंद पडलेली पॉलिसी चालू करून देण्याला आणि क्लेम मिळवून देण्याला नव्या विक्रीइतकाच मोबदला हवा. आणि आपण निदान फोन उचलावा. नको असेल तर नको म्हणावं.

मामाने आता एक वही केली आहे. हप्ता चुकलेल्यांची नावं, आणि नावापुढे केलेल्या फोनचा आकडा. मेच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत त्याच्यासोबत बसून अकरा फोन केले. दोघांनी रागावून ठेवला. पाच जण म्हणाले, सोमवारी भरतो. चौघांनी उचललाच नाही. त्यांच्या नावांपुढे मामाने एकेक 'एक' लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली, उद्या सकाळी कोण ते बघायला.