चेहरा तिचा, करमणूक आपली

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण खूप शोधूनही पडद्यावर उभी राहायला बाई मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी पोटासाठी, स्वतःच्या मर्जीने चेहरा दाखवला, हे त्या काळच्या प्रतिष्ठितांना खपणारे नव्हते.

आज त्याच समाजाचे वारस बाईचा चेहरा तिला न विचारता उचलतात, एआयने परक्या देहावर बसवतात आणि रात्री जेवणानंतर आडवे पडून मित्रांच्या ग्रुपवर पाठवतात. तेव्हा तिची मर्जी होती म्हणून ती बदनाम झाली. आज तिची मर्जी नाही, तरी बदनाम तीच होते. यंत्रे बदलली. बाईच्या मर्जीला शून्य किंमत देण्याची आपली सवय मात्र जशीच्या तशी राहिली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाची एक बनावट चित्रफीत देशभर फिरली. ती मुळात एका ब्रिटिश-भारतीय तरुणीची होती. तिच्या देहावर रश्मिकाचा चेहरा चढवला होता. एका चित्रफितीसाठी दोन बायका वापरल्या गेल्या आणि दोघींनाही कुणी विचारले नाही. पुढे पोलिसांनी ज्याला पकडले, त्याचा हेतू त्यांनी सांगितला तो असा: अभिनेत्रीच्या नावाने चालवलेल्या चाहत्यांच्या पानाचे फॉलोअर वाढवायचे होते. म्हणजे वैर नव्हते, सूडही नव्हता. लोक हेच पाहतील, याची त्याला खात्री होती, आणि ती खात्री आपण खरी ठरवली. ज्यांनी ती चित्रफीत उघडली आणि पुढे ढकलली, ते सगळे त्या गुन्ह्याचे भागीदार आहेत.

आता पुढे काय येणार, ते पाहा. काही वर्षांपूर्वी असे चित्र घडवायला शेकडो फोटो आणि महागडा संगणक लागे. आता एक फोटो आणि काही सेकंदांचा आवाज पुरतो. प्रेक्षकाच्या फर्माईशीवर, त्याला हवी ती नायिका घालून सिनेमा तयार होईल, तो दिवस लांब नाही. तेव्हा ही नायिका मुंबईतली नटीच असेल असे नाही. ती स्नेहसंमेलनात नाचलेली वर्गातली मुलगी असेल, बँकेतली सहकारी असेल, हळदीकुंकवाच्या फोटोत शेवटून दुसरी उभी असलेली शेजारीण असेल. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्याचा चेहरा त्याचाच आहे याची हमी राहणार नाही. आणि कधीही नकार न देणाऱ्या, दमून न जाणाऱ्या कृत्रिम मैत्रिणींशी तासन् तास बोलत आपली मुले वाढतील. ‘नाही’ हा शब्द कधी ऐकलाच नाही असा तरुण खऱ्या मुलीच्या नकाराला कसे उत्तर देईल, याचा विचार आईबापांनी आजच करायला हवा.

पण यंत्राहून मोठी भीती मला आपल्या घरांची वाटते. तालुक्याच्या गावात कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे असे चित्र फिरले, तर घरात पहिला प्रश्न काय येतो? “तू फोटो कुणाला दिला होतास?” मग तिचा फोन जातो, कॉलेज सुटते आणि घाईघाईने स्थळ पाहिले जाते. शेजारी म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. हे यंत्र आगीवाचून धूर काढते, एवढे साधे सत्य समजून घ्यायची आपली तयारी नाही. ज्याने चित्र घडवले तो मात्र वर्गात पहिल्यासारखाच बसतो.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याने त्या पेटून उठल्या होत्या. पाप दोघांचे आणि शिक्षा एकटीला का, हा त्यांचा रोख होता. आज तर बाईचा त्या कृत्यात वाटाच नाही. सगळे कृत्य दुसऱ्याचे आणि शिक्षा एकटीला, एवढी मजल आपण मारली आहे.

याला दुसरी बाजूही आहे. खोटे इतके सोपे झाले की खरे नाकारणेही सोपे होते. उद्या एखादी बाई खऱ्या छळाची खरी चित्रफीत घेऊन पोलीस ठाण्यात जाईल आणि वजनदार आरोपी म्हणेल, हे सगळे एआयने बनवले आहे. खोट्या चित्रावर विश्वास ठेवून तिला बदनाम करणारे लोकच तेव्हा खऱ्या चित्रावर अविश्वास दाखवून त्याला सोडवतील.

यंत्राला दोष देऊन सुटका होणार नाही. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या चित्रपटातल्या गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दिवंगत गायकांचे आवाज याच तंत्राने वापरले; आधी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. अमेरिकेतल्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, तेव्हा त्यांच्या डिजिटल नकलेसाठी संमती आणि मोबदला या त्यांच्या प्रमुख मागण्यांत होत्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. विचारून वापरता येते आणि न विचारता वापरले तर अडवताही येते, हे यातून सिद्ध होते. पण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने उच्च न्यायालय कसे गाठावे? अशी बनावट चित्रे तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याची सक्ती २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर केली. पण तक्रार करायला मुलीच्या पाठीशी कुणी तरी उभे असावे लागते, आणि तिथेच आपण कमी पडतो.

म्हणून मागणे सरळ आहे. असे चित्र आले तर उघडू नका, आणि ज्याने पाठवले त्याला ग्रुपमध्ये सर्वांसमोर जाब विचारा. तो तुमचा साहेब असो की मेव्हणा. शाळा-कॉलेजांनी मुलीला घरी बसवण्याआधी ते चित्र करणाऱ्या मुलाच्या आईबापांना बोलवावे. आणि प्रत्येक बापाने आज रात्री मुलीला एवढेच सांगावे: “तुझे असे काही फिरले तर मी तुला एक प्रश्नही विचारणार नाही. आपण दोघे मिळून तक्रार करू, आणि दुसऱ्या दिवशी तू कॉलेजला जाशील.” हे वाक्य ज्या घरात बोलले जाणार नाही, त्या घराने तंत्रज्ञानाला शिव्या देण्याचा हक्क गमावला आहे.