पंपाला घाबरू नका

रोह्याची हवा दमेकऱ्याला वर्षभर छळते. उन्हाळ्यात शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, चुलीचा धूर बारमाही. आणि शेजारी धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत.

धाप लागली की घरात आधी अडुळशाचा काढा उकळतो. अडुळसा काही थोतांड नव्हे. खोकल्यावरचे ब्रोमहेक्झिन हे औषध त्यातल्याच व्हॅसिसिनवरून तयार झाले. पण ते कफ पातळ करते. दम्यात श्वासनलिकांना आतून आलेली सूज काढ्याने उतरत नाही. प्राणायामाने श्वास संथ होतो, घाबरेपणा कमी होतो, तेवढ्यासाठी तो जरूर करावा.

सूज उतरवते ते पंपातले, म्हणजे इनहेलरमधले, स्टिरॉइड. ‘पंपाची सवय लागते’ हा समज गावोगाव घट्ट बसलाय, आणि तो जीवघेणा आहे. स्टिरॉइडचीही धास्ती नको: पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतला मिलिग्रॅममध्ये; शिवाय औषध थेट फुप्फुसात पोचते. आधी श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबताना सावकाश खोल ओढायचा, दहा सेकंद रोखायचा, शेवटी चूळ भरायची. इतके साधे, पण रुग्णाला हे करून दाखवायला कुणाला सवड नसते. बरे वाटले म्हणून पंप परस्पर बंदही करू नये.

बोलताना वाक्य पुरे होईना, तर तात्काळ आराम देणारा (रिलिव्हर) पंप घेऊन लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) बारा महिने मिळालेच पाहिजेत, आणि राब पेटण्याआधी आशाताईंनी घरोघरी ते वापरायला शिकवावे.