किल्लीवाचून कुलूप

कचेऱ्यांनी विकून टाकलेले लॅपटॉप आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दप्तरात असतात. डिस्क चालते तोवर सारे आलबेल! ती गेली की नवी तासाभरात बसते. पण पेनड्राइव्हवरून विंडोज घालू जावे, तर यंत्र कित्येकदा बायोसचा पासवर्ड मागते. तो ठाऊक जुन्या कचेरीला. विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला तर नाहीच.

जुन्या टेबलावरच्या संगणकांत हा पासवर्ड बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत असे. नाण्याएवढी बॅटरी काढली की पुसला जाई. कचेरीच्या लॅपटॉपांत तो बहुधा वीज तोडूनही न पुसणाऱ्या चिपमध्ये असतो. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला तर मदरबोर्डच बदला, असे त्याची पुस्तिका सांगते. बिघडली डिस्क, शिक्षा मदरबोर्डाला! दुसऱ्या यंत्रात डिस्क घालून विंडोज बसवून आणण्याची पळवाट आहे खरी. पण तीही आतल्या डिस्कवरून सुरू होण्यास मुभा असेल तरच.

चोराला अडवणारे कुलूप हवेच. परंतु माल विकून किल्ली विसरणे हा कुठला व्यवहार? कचेऱ्यांनी विकण्यापूर्वी पासवर्ड काढलाच पाहिजे. तोवर मित्रहो, पैसे मोजण्याआधी दुकानातच यंत्र सुरू करून सेटिंग उघडून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.