साडेतीनशेचा रुबाब

हल्ली शंभर सीसीची स्प्लेंडर विकून साडेतीनशेची क्रूझर घेण्याची टूम निघाली आहे. आमचा दादाही त्यातलाच! माझा मात्र विरोध आहे. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची; दादाच्या मनात भरलेली, २०२० साली आलेली मीटिऑर १९१ किलोची. हे जादा ओझे पळताना फारसे जाणवत नाही. पाणंदीच्या चिखलातून गाडी मागे ओढताना कळते. शिवाय क्रूझरची बैठक खाली, पाय पुढे. खड्डा आला की पायांवर भार देऊन उठणे अवघड, दणका थेट कंबरेला! हमरस्त्यावर तीच बैठक सुखाची, हे मान्य. पण आमच्या दुधाच्या किटल्या रोज पाणंदीनेच जातात. दादा म्हणतो, "रुबाब बघ!" हप्ता मात्र दुधाच्या पगारातूनच जाणार.